लघाटे सरांचा हूएव्हर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि बायकोला तर मी माझ्या पोटाची सकाळ-संध्याकाळची हकिकत न चुकता सांगत असतो. लघाटे सरांना दोन वर्षं निनावी चिठ्ठ्या लिहिणारा, ज्याच्यापायी त्यांनी नाशिकला जाणं लांबवलं, ज्याला शोधायला त्यांनी नववी आणि दहावीच्या सगळ्या वह्या तपासल्या, तो विद्यार्थी नव्हताच. तो मी होतो. बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, शाळेचा ग्रंथपाल.

आता सांगून टाकलं. पुढचं जरा सोपं जाईल.

आमची शाळा उज्जैनच्या फ्रीगंजमधली, टावर चौकापासून चालत पाच मिनिटांवर. लघाटे सर तिथे इंग्रजी शिकवत. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलं होतं, पण दरवर्षी प्राचार्या मॅडम "सर, बस एक साल और" म्हणत आणि सर "हूज साल? माझं की तुमचं?" असं विचारून सही करत. उंची जेमतेम, पॅंट बेंबीच्या वर, खिशात तीन पेनं. निळं उत्तरासाठी, लाल चुकीसाठी आणि हिरवं प्रश्नासाठी. हिरवं सगळ्यात आधी संपायचं. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेले सर मी कधी पाहिले नाहीत. हातात धरून चालवत न्यायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "सायकल बरोबर असली की कोणी 'सोडू का' म्हणून थांबत नाही. निवांत चालता येतं."

इंग्रजीचं सगळं व्याकरण शिकवण्याचा त्यांचा करार होता, पण जीव होता तो पाच-सहा शब्दांवर. हू, हूज, हूम, विच, व्हॉट आणि दॅट. काळ, प्रयोग, अव्ययं वगैरे "ते गाईडमध्ये आहे, बघून घ्या" म्हणून आठवड्याभरात उरकायचे. मग उरलेलं वर्ष या शब्दांचं.

"हा हू आहे ना," ते वर्गात सांगत (मी लायब्ररीच्या खिडकीतून ऐकत असे, भिंत एकच होती), "हा वाक्याच्या तोंडाशी उभा राहिला की पोलिसवाला. पूछताछ करेगा. कौन है, किसका है. और बीच में आ गया तो रिश्तेदार! अब रिश्तेदार का एकही नियम है. ज्याच्याकडून आलाय त्याला चिकटून बसायचं. लड़कीवालों का मेहमान लड़केवालों की पंगत में बैठ गया, तो खाना तो मिलेगा, पर नाम किसका लगेगा?" वर्गात मराठी मुलं तीन-चारच, पण सरांची गाडी मध्येच मराठीच्या रुळावर जायची आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

दुसरा त्यांचा लाडका सिद्धांत असा, की आपल्याकडचा 'जो' कधी एकटा येत नाही, मागोमाग 'तो' येतोच. जो येईल तो बसेल. हिंदीतही तसंच, जो आएगा वो बैठेगा. इंग्रजांनी मात्र 'जो' ठेवला आणि 'तो' हाकलून दिला. "संसार मोडला हो त्यांनी," सर म्हणायचे. एखाद्याच्या घटस्फोटाची बातमी सांगावी, अशा आवाजात.

रिश्तेदार चुकीच्या जागी बसला तर काय होतं, हे त्यांनी एकदा शाळेला करून दाखवलं. मॅडमनी नोटीस लावली होती : 'स्टुडेंट्स विल बी सेंट आउट बाय टीचर्स हू कम लेट.' मॅडमना म्हणायचं होतं की उशिरा येणाऱ्या मुलांना शिक्षकांनी वर्गाबाहेर काढावं. पण तो 'हू' जाऊन बसला होता शिक्षकांच्या मांडीला मांडी लावून. सरांनी नोटीस वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर सायकल धरून, घड्याळ बघत, बरोबर सात मिनिटं उभे राहिले. मग वर्गात गेले आणि बेचाळीसच्या बेचाळीस मुलांना बाहेर काढलं. मुलांनी मैदानात कबड्डी मांडली. मॅडम धावत आल्या.

"लघाटे सर, ये क्या है?"

"मॅडम, आपका आदेश. मैं लेट आया, तो मैंने सबको निकाल दिया."

"अरे, लेट तो बच्चे आते हैं!"

"वो नोटिस में कहाँ है? नोटिस में तो मैं हूँ."

संध्याकाळपर्यंत नोटीस उतरली. नवी लागली ती हिंदीत. सरांना त्याचं खरंच वाईट वाटलं. "सुधारायची होती," म्हणाले, "पळून कशाला जायचं?"

आता माझ्याबद्दल दोन ओळी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी या शाळेत चोवीस वर्षं ग्रंथपाल आहे. लायब्ररी मोठी आहे, थंड आहे, आणि तिथे कोणी येत नाही. आलंच तर पंख्याखाली बसायला येतं. दिवसभरात मला विचारला जाणारा प्रश्न एकच : "सर, पंखे का बटन कौनसा है?" बोलायला मला मुळात जमत नाही. त्यात पोटात अल्सर. पोह्यांवर मी जीरावण मसाला घेत नाही, कचोरीकडे बघत नाही, आणि सेव खायचीच झाली तर फीकी, म्हणजे बिनतिखटाची. उज्जैनात हे सांगायलासुद्धा धैर्य लागतं. स्टाफरूममध्ये लौंग सेवेची, म्हणजे लवंगेच्या तिखट शेवेची, पुडी फिरायला लागली की सगळे एका सुरात म्हणायचे, "ग्रंथपाल साब को मत दो, मर जाएँगे."

सरांचा 'शंकेचा डबा' माझ्याच खिडकीत असायचा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला फट पाडलेली. मुलांनी त्यात शंका टाकायची. नाव लिहायचं नाही. नाव आलं की भीती येते, असं सरांचं म्हणणं. सोमवारी सर डबा उघडत, चांगल्यातली चांगली शंका निवडत, तिचं उत्तर लिहून परत डब्यात ठेवत आणि बरोबर बक्षीस म्हणून लौंग सेवेची पुडी. ज्याची शंका, त्याने कोणी नसताना येऊन घेऊन जायची. डबा लायब्ररीत का, तर सर म्हणाले, "इथे कोणी येत नाही ना, मुलांना संकोच वाटणार नाही."

पुष्कळ वर्षं डबा चालला. मग मुलांच्या हातात मोबाइल आले आणि शंका मोबाइलला विचारल्या जायला लागल्या. सोमवारी सर यायचे, डबा कानाशी धरून नारळासारखा हलवायचे. आवाज नाही. "सण आहेत ना," म्हणायचे. पुढच्या सोमवारी, "थंडी फार आहे." त्याच्या पुढच्या सोमवारी, "परीक्षा." एका सोमवारी कारणच सापडेना. आणलेली पुडी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाले, "खा." मग त्यांना आठवलं आणि ती उचलून परत खिशात टाकली. पेनांच्या शेजारी.

इथे मला एक चांगला खुलासा करता आला असता, की मला त्यांची दया आली. आली नाही असं नाही. पण त्याच दुपारी स्टाफरूममध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, "फीकी सेव खाणाऱ्या माणसाला हू म्हणावं की विच, हा माझ्या मते खुला प्रश्न आहे." सगळे हसले. मीही हसलो. आणि लायब्ररीत येऊन, सरांना अडचणीत आणण्याच्या एकमेव उद्देशाने, डाव्या हाताने पहिली चिठ्ठी लिहिली : 'सर, गाय के लिए हू या विच?'

उज्जैनात. टावर चौकात गाय भर रस्त्यात बसलेली असते आणि बस तिला वळसा घालून जाते. तिला 'विच' म्हणणारा माणूस घरी धड पोचेल का? मला वाटलं, बघू आता काय करतात.

सोमवारी डबा वाजला. सरांचा चेहरा असा झाला, की मी चष्मा पुसायला घेतला.

त्यांनी नियम काढला तो असा : प्राण्याला 'विच', पण ज्याला नाव आहे, जो कोणाचा तरी ओळखीचा आहे, त्याला 'हू'. एवढं चार ओळींत लिहून भागलं असतं. पण सर संध्याकाळी अख्खा वर्ग घेऊन टावर चौकात गेले. मीही मागे मागे गेलो, बिस्किटं घ्यायच्या निमित्ताने. तिथे एक ठरलेली पांढरी गाय असते. सरांनी तिथल्या उसाच्या रसवाल्याला विचारलं, "भैया, इसका नाम क्या है?"

"नाम? नाम का क्या है सर, सब 'हट' बोलते हैं."

"हट बोला तो देखती है?"

"देखती है. हटती नहीं."

"बस!" सर मुलांकडे वळले. "ओळखते. नाव आहे. लिखो. हट, हू सिट्स इन टावर चौक." आणि हिरव्या पेनाने त्यांनी एका वहीत नोंद केली. त्या वहीचं नाव 'हू-रजिस्टर'. पुढे मुलं आपापल्या घरचे कुत्रे, पोपट घेऊन अर्ज करायला लागली. एकाने आजोबांची जुनी स्कूटर आणली; तिला आजोबा 'रानी' म्हणत. सरांनी तो अर्ज 'विचाराधीन' ठेवला.

मी चोरून डब्यातलं उत्तर घेतलं. चार पानं होती, हिंदीत. सुरुवात : 'प्रिय हूएव्हर,' म्हणजे, जो कोणी असशील तो. पहिल्या वाक्यात सरांनी लिहिलं होतं की तुझा प्रश्न वाचून मला तीन दिवस बरं वाटलं.

मला चार पानांचं पत्र त्याआधी कोणी लिहिलेलं नव्हतं. मी दुसरी चिठ्ठी टाकली.

बक्षिसाच्या सेवेचं काय, असं कोणी विचारेल. घरी नेत असे. बायको आवडीने खायची आणि म्हणायची, "हल्ली तुमची शाळा फार सुधारली हो."

चिठ्ठ्यांनी सरांना कुठे कुठे नेलं, ते सगळं सांगत बसत नाही. पण गणपतीचं सांगतो. मी लिहिलं होतं : 'मूर्ति दुकान में विच है, पूजा में हू. बदलती कब है?' सर गंभीर झाले. आमच्या मराठी मंडळात चतुर्थीला पहिल्या रांगेत जाऊन बसले, हातात घड्याळ. पाठक गुरुजींना आधीच सांगून ठेवलं होतं, की नेमका क्षण आला की खूण करा. गुरुजी वैतागून "बघू" म्हणाले होते. प्राणप्रतिष्ठा सुरू झाली, गुरुजींनी मूर्तीच्या छातीला दूर्वा लावली, मंत्राचा एक चरण पुरा झाला, आणि गुरुजींची मान, उकाड्यामुळे म्हणा किंवा कशामुळे, जराशी हलली. सर ताडकन उठून ओरडले, "हू!"

गुरुजी दचकले. दूर्वा खाली पडली. मागच्या बायकांना वाटलं पाल पडली. मंडळाचे अध्यक्ष "क्या हुआ, क्या हुआ" करत मेन स्विचकडे धावले आणि त्यांनी लाइट घालवले.

"लघाटे," गुरुजी अंधारात म्हणाले, "तुम्ही पहिले बाहेर जा पाहू."

"जातो. पण झाला ना? झाला का हू?"

"तुम्ही होऊ द्याल तर होईल ना! मंत्र कुठे होता तेच विसरलो मी. पहिल्यापासून करावं लागेल सगळं."

तर त्या वर्षी आमचा गणपती दोनदा 'हू' झाला. दहाव्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर मुलांनी सरांना घेरलं. सर, अब विच ना? सर मूर्तीकडे बराच वेळ बघत होते. "नियम वही है," म्हणाले. मग मराठीत, कोणालाच उद्देशून नाही, "पण म्हणवत नाही."

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि मी हसलोही. पण या सगळ्याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट चालू होती, आणि ती मला माहीत होती.

सरांची एकुलती एक मुलगी, मीनल, नाशिकला असते. त्या वर्षी तिला मूल व्हायचं होतं. सर आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, यांचं ठरलेलं होतं, दिवाळीनंतर उज्जैन सोडायचं आणि कायमचं नाशिकला जायचं. सामान बांधायला खोकीसुद्धा आणून ठेवली होती, माझ्याच लायब्ररीतली. मग हूएव्हर आला. सर म्हणाले, "आत्ताच एक विचारणारा मिळालाय. त्याला अर्ध्यात सोडून कसं जायचं? सत्र संपू दे." सत्र संपलं. पुढचं सुरू झालं. नात झाली, ओवी. काकू बाळंतपणाला एकट्याच गेल्या आणि चाळीस दिवसांनी परत आल्या, कारण सरांना चहाशिवाय काही करता येत नाही आणि चहाही येतो असं नाही.

एके दिवशी काकू लायब्ररीत आल्या. डब्यात शंकरपाळे आणले होते. "तुम्हाला तिखट चालत नाही ना, म्हणून गोडाचे केले," म्हणाल्या. बसल्या. पदराने वारा घेतला. त्यांनी बटन विचारायच्या आत मी पंखा लावला.

"दिलीपराव, एक काम करा माझं. तो हुयेव्हर कोण आहे तो शोधून द्या."

मी शंकरपाळा तोंडात टाकला.

"तुमच्याच तर खिडकीत येऊन चिठ्ठ्या टाकून राहिलाय मेला. दीड वर्षात दिसला नाही तुम्हाला?"

"मी... कॅटलॉगमध्ये असतो."

"ओवी परवा पहिल्यांदा चालली हो. फोनवर दाखवलं मीनलने. चार पावलं टाकली, आणि मीनलच्या हातून फोनच पडला. पाचवं पाऊल मी पाहिलंच नाही." काकू खिडकीतल्या डब्याकडे बघत होत्या. "मी रोज देवापुढे उभी राहून त्या पोराला शाप देते. नाव माहीत नाही म्हणून नुसतं हुयेव्हर म्हणते. पोचत असेल ना?"

"पोचत असेल," मी म्हणालो. त्या आठवड्यात माझं पोट फार दुखलं.

आणि इथे मला खरं लिहायला हवं. काकू गेल्यावर मी ठरवलं की बस, आता एकही चिठ्ठी नाही. सोमवारी सरांचं उत्तर आलं. शाळेची घंटा 'हू' होऊ शकते का, यावर सहा पानं. घंटा वाजवणाऱ्या रामप्रसादची मुलाखतसुद्धा घेतली होती. मी ते दोनदा वाचलं आणि नवी चिठ्ठी लिहिली. काकूंच्या भेटीनंतर मी आणखी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. मोजून अकरा. ओवीच्या दाढा, ओवीचा पहिला ताप, ओवीचं 'आबा' म्हणणं, हे सगळं त्या अकरा चिठ्ठ्यांत गेलं.

शेवटी सरांनीच शोध घ्यायचं ठरवलं. काकूंनी फारच लावून धरलं असणार. म्हणाले, "सापडला तर त्याच्या आईवडिलांना भेटून सांगतो, नाशिकहून पत्राने शिकवीन." नववी-दहावीच्या सगळ्या वह्या लायब्ररीत आणल्या आणि अक्षर ताडून बघायला मदतनीस म्हणून निवडलं मला. चार दुपारी आम्ही समोरासमोर बसून माझं डावं अक्षर शोधत होतो. सर भिंग लावून एकेक 'ह' तपासत. मी "हा नसेल" म्हणत असे.

"कागद बघा, दिलीपराव," सर एकदा म्हणाले. "जाड आहे. चांगल्या घरचा मुलगा दिसतो."

"हो, जाड आहे."

"मागे लाल उभी रेघ आहे."

"हो का?"

"हं," सर म्हणाले, आणि पुढची वही उघडली.

ती कार्डं होती, कॅटलॉगची. कंप्यूटर आल्यापासून चार हजार न वापरलेली कार्डं कपाटाच्या खणांत पडून होती. खण सरांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. मी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचो आणि खालचं भोक असलेला तुकडा हुशारीने कापून टाकायचो. रेघेचं माझ्या लक्षातच आलं नाही. चोवीस वर्षं ती रेघ बघत आलो होतो, ती मला दिसतच नव्हती.

याच सुमारास दहावीतला रजत पंड्या सरांपुढे उभा राहिला. "सर, वो हूएव्हर मैं ही हूँ."

सरांनी त्याला खाली-वर पाहिलं. "अच्छा? तो पूछ."

"क्या पूछूँ?"

"कुछ भी. जो मन में हो."

रजतने बराच वेळ विचार केला. "सर, सेव मिलेगी क्या?"

सरांनी खिशातली पुडी काढून त्याला दिली. "प्रश्न खरा आहे याचा," मला म्हणाले. "पण हा तो नव्हे."

मग मी शेवट करायचा प्रयत्न केला. लिहिलं : 'मेरी सब शंकाएँ समाप्त हुईं. धन्यवाद.' सोमवारी उत्तर : 'प्रिय हूएव्हर, जिसकी सब शंकाएँ समाप्त हो जाएँ, वह या तो मर चुका है या प्रिंसिपल हो गया है. तुम क्या हुए?' मी काहीच लिहिलं नाही. पुढचे सात सोमवार सर येत राहिले, डबा कानाशी धरून हलवत राहिले. आता कारणंही देत नव्हते. आठव्या सोमवारच्या आत मी खोटं लिहिलं : 'पापा का ट्रांसफर हो गया. जा रहा हूँ. प्रणाम.'

सरांनी ती माझ्या टेबलाशी उभं राहून वाचली. घडी घातली. "गेला," म्हणाले. "जायलाच हवं." चिठ्ठी खिशात ठेवत, "तुम्हाला काय वाटतं, दिलीपराव, बरा असेल ना तिथे?"

"असेल," मी म्हणालो.

"चला. मग मलाही जायला हरकत नाही."

निघाले त्या दिवशी मी दुपारी देवास गेटच्या बस स्टँडवर गेलो. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. सर सायकल हातात धरून चालत आले होते, हँडलला काकूंची पिशवी, कॅरियरवर शंकेचा डबा सुतळीने बांधलेला. काकू रिक्षाने येऊन केव्हाच खिडकीशी जागा धरून बसल्या होत्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. "दिलीपराव," खिडकीतून म्हणाल्या, "त्या पोराचे सगळे शाप परत घेतले हं मी. गेला बिचारा."

सरांनी सायकल माझ्या हातात दिली. "ही तुम्ही ठेवा. बसायचं नाही, नुसती चालवायची. आणि डबा सांभाळा. त्याची एक गोष्ट आत राहिली आहे. आला कधी, तर द्या त्याला."

"पण तो तर गेला ना सर?"

"तुम्ही तिथेच असता ना रोज? मग झालं."

बसमध्ये चढून ते सीटचा नंबर शोधत कंडक्टरला विचारत होते, "हमारी सीट कौनसी है भैया?" कंडक्टर तिकिटं फाडत, वर न बघता म्हणाला, "जो खाली है वो." सरांचा चेहरा एकदम उजळला. ते काकूंच्या अंगावरून खिडकीबाहेर निम्मे ओणवे झाले. बस हलली होती.

"ऐकलंत?" ते ओरडले. "जो आणि वो! जोडी शाबूत आहे आपली!"

काकू त्यांचा शर्ट धरून आत ओढत होत्या. पॅंट बेंबीच्या वर, खिशातली तिन्ही पेनं लोंबकळत, एक हात बाहेर. बस वळेपर्यंत तो हात दिसत होता.

मी सायकल धरून कडेकडेने घरी आलो. कोणीही 'सोडू का' म्हणून विचारलं नाही. घरी येऊन डबा उघडला. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, विषयवार आणि वर्णानुक्रमे लावलेल्या, कॅटलॉगमध्ये कार्डं लावावीत तशा. वर एक पुडी. पुडीखाली कागद, हिरव्या पेनाचा. या वेळी मराठीत.

'प्रिय हूएव्हर, गाईचं विचारलंत, गणपतीचं विचारलंत, घंटेचं विचारलंत. स्वतःचं एकदाही नाही. म्हणून आता मी विचारतो. तुम्हाला काय हवं होतं?'

मी पुडी उघडली. फीकी सेव होती.

केव्हापासून माहीत होतं, कोण जाणे. त्या रेघेपासून, की त्याच्याही आधी. आणि माहीत असूनही ते इतके दिवस थांबले असतील, तर का, हे मी अजून नीट मनात आणू शकत नाही. नाशिकहून महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो. ओवी आता त्यांना दिवसभर "हे काय, ते कोण" विचारते आणि सर हैराण आहेत, असं काकू मागून सांगतात. सर एवढंच विचारतात, "डबा आहे ना?" मी म्हणतो, "आहे." मग फोन बंद होतो.

त्या कागदावरच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून लिहिलेलं नाही. ते मी सरांना देणं लागतो. आणि ओवीचं पहिलं वर्ष मी काकूंना देणं लागतो.